गाळपेर

लाओसमधल्या लुआंग प्रबांग शहरात नाम खान नदीवर दरवर्षी बांबूचा एक पूल उभा राहतो आणि दरवर्षी तो काढून घेतला जातो. पावसाळा सरून पाणी उतरलं की बांबू रोवायचे, वर बांबूच्याच चटया अंथरायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून थोडे पैसे घ्यायचे. पाणी चढू लागलं की सगळा सांगाडा उचलायचा. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

समजा, या पुलावर जुन्नर तालुक्यातल्या पिंपरी पेंढारचं एक कुटुंब उभं आहे. एखाद्या वर्षी कांद्याने हात दिला, शहरात नोकरी करणाऱ्या मुलाने भर घातली आणि खासगी सहल ठरली. स्वतंत्र गाडी, स्वतंत्र नाव, सोबत इंग्रजी बोलणारा एक लाओ वाटाड्या. मोठ्या गटाच्या सहलीत झेंडीमागे पळावं लागतं. इथे आजोबांनी मध्येच थांबून नदीच्या उताराकडे बोट दाखवलं, तरी कुणाचा खोळंबा होत नाही.

आजोबा नेमके तेच करतात. नाम खान जिला मिळते ती मेकाँग ओसरल्यावर उघड्या पडलेल्या काठावर वाफे पाडलेले असतात. शेंगा, भुईमूग, पालेभाज्या. खाली पाण्याजवळची रोपं कोवळी, वर जावं तशी मोठी, कारण पाणी जसजसं मागे सरकलं तसतशी पेरणी पुढे गेली. वाटाड्या सांगतो की नदी दरवर्षी नवा गाळ आणून टाकते, त्यामुळे या जमिनीला खत फारसं लागत नाही. आजोबांना हे भाषांतर करून सांगावं लागत नाही. “अरे, ही तर गाळपेर!” ते म्हणतात.

हा शब्द त्यांच्या मुलखातला. धरणाचं पाणी उतरलं की बुडिताच्या कडेची जमीन उघडी पडते. त्या ओल्या गाळात कुणी हरभरा टाकतं, कुणी भाजी करतं. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात डिंभे धरण झालं तेव्हा ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते आंबेगावच पाण्याखाली गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. जलाशयाला नाव मिळालं ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू यांचं. काठावर उरलेल्या महादेव कोळी आणि कातकरी कुटुंबांपुढे प्रश्न उभा राहिला: जमीन पाण्यात गेली, मग आता खायचं काय? आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने या लोकांसोबत दोन गोष्टींसाठी दीर्घ काळ काम केलं. एक, उघड्या पडणाऱ्या जमिनीवर गाळपेर करण्याचा हक्क. दोन, जलाशयातली मासेमारी धरणग्रस्तांच्याच सहकारी संस्थेकडे असणं. भात लावणारे हात जाळं विणायला शिकले. नदीकाठची संस्कृती म्हणून दाखवावी अशी ही गोष्ट आहे, पण कुठल्याही सहलीच्या पत्रकात ती सापडत नाही.

लाओसमध्ये मात्र वाटाड्या नेमकं नदीकाठचं जगणंच दाखवतो. मेकाँगमधलं शेवाळ धुऊन, चेचून, त्यावर तीळ आणि टोमॅटोच्या चकत्या पसरून उन्हात वाळवतात. त्याला खाय फेन म्हणतात आणि ते पापडासारखं तळून खातात. घरातल्या सुनेचं लक्ष तिथे खिळतं, कारण वाळवणाची खाट आणि शेजारी राखण करणारी म्हातारी तिला अगदी ओळखीची वाटते. पहाटे भिक्खूंची रांग निघते तेव्हा बायका बांबूच्या टोपलीतला चिकट भात चिमूट चिमूट त्यांच्या पात्रात घालतात. वाटाड्या कुटुंबाला रस्त्याच्या पलीकडे, थोडं लांब उभं करतो आणि फोन खिशात ठेवायला सांगतो. पर्यटकांनी तोंडावर कॅमेरे रोखून या विधीचा पार तमाशा करून टाकल्याचं दुःख त्या शहराला आहे. 1995 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि यादीबरोबर गर्दीही आली.

नावेतून वर गेलं की नाम ऊ नदी मेकाँगला मिळते तिथे कड्यात पाक ऊच्या गुहा लागतात. आत बुद्धाच्या लहान-मोठ्या हजारो मूर्ती आहेत. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी आणून ठेवलेल्या. पायऱ्या चढताना धाकट्या नातवाला लेण्याद्री आठवतं, आणि ती आठवण चुकीची नाही. जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत, त्यांतली बहुतेक बौद्ध. लेण्याद्रीचा गिरिजात्मजही अशाच एका विहारात बसला आहे. पावसाळ्याचे महिने भिक्खूंनी हिंडायचं नाही, एका जागी राहायचं, हा वर्षावास. सह्याद्रीत ज्यांनी तो पाळला ते गेले आणि त्यांच्या दगडी खोल्या मागे राहिल्या. लाओसमध्ये तो नियम अजून चालतो. आषाढी पौर्णिमेच्या सुमारास सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या पौर्णिमेला संपतो. तेव्हा लुआंग प्रबांगमध्ये बांबू-कागदाच्या नावा दिव्यांनी सजवून मेकाँगमध्ये सोडतात. जुन्नरमध्ये त्याच सुमारास कोजागरीचं दूध आटत असतं.

लाओ अक्षरांचीही अशीच लांबची सोयरीक आहे. ती लिपी ख्मेर आणि दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीच्या वाटेने ब्राह्मीपर्यंत मागे जाते. आणि ब्राह्मीतला सातवाहनांचा प्रसिद्ध लेख नाणेघाटात आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडेही कोरले आहेत. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं लोक सांगतात. बांबूच्या पुलावर पैसे देताना आजोबांना तो रांजण आठवला, तर नवल नाही.

इथवर सहल सुखाची. पुढे वाटाड्या जे सांगतो ते पत्रकात नसतं. नाम ऊवर सात धरणांची साखळी झाली. मेकाँगवरचं सायाबुरी धरण 2019 मध्ये सुरू झालं. लुआंग प्रबांगच्या वरच्या अंगाला, पाक ऊपासून जवळच, आणखी एकाचं काम चालू आहे. 2019 च्या अखेरीस खालच्या बाजूला, थायलंडच्या काठावर, एरवी गढूळ असणारी मेकाँग निळीशार दिसू लागली. परगावच्या माणसाला ते सुंदर वाटलं असेल. काठच्या शेतकऱ्याला त्यात गाळ अडल्याची खूण दिसली. गाळ आला नाही तर त्या वाफ्यांत पेरायचं कशात?

पिंपरी पेंढारच्या माणसाला हे भविष्य नवीन नाही. त्याच्या मुलखात ते आधीच घडून गेलं आहे. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे, यांनी जुन्नर-आंबेगावच्या नद्या अडवल्या आणि पाणी पार कर्जत-करमाळ्यापर्यंत नेलं. दुष्काळी शिवारं हिरवी झाली, हे खरंच. उसाचं क्षेत्र वाढलं. उसात बिबट्या आला, तिथेच व्यायला आणि त्याची पिल्लं उसालाच जंगल समजू लागली. कल्याण-नगर रस्त्यावरच्या या गावात अंधार पडल्यावर शेतावर एकटं जायचं तर जीव मुठीत धरावा लागतो. रात्रीच्या विजेवर मोटार चालू करायला मात्र जावंच लागतं. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे, तेही धरणाच्याच गावात. नदीकाठचं जीवन म्हणतात ते इथे असं कालव्यावाटे नदीपासून लांब येऊन पोचलं आहे.

महाराष्ट्र सरकारने 2018 मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं. येणारे शिवनेरी चढतात, ओझरला आणि लेण्याद्रीला दर्शन घेतात, पावसात माळशेज गाठतात. नदीच्या कडेने कुणी फिरवत नाही. फिरवायचं तर चावंडजवळच्या पूर गावी कुकडेश्वरापासून सुरुवात करता येईल, कुकडीचा उगम तिथलाच. ओतूरला मांडवीच्या काठी कपर्दिकेश्वराचं देऊळ आहे. श्रावणी सोमवारी तिथे कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात, त्या पाहायला गर्दी लोटते. हे सगळं एका सुतात ओवणारा वाटाड्या तेवढा हवा.

शेवटच्या संध्याकाळी नावेत बसल्या बसल्या लाओ वाटाड्या विचारतो, तुमच्या गावाजवळ कोणती नदी आहे? मुलगा आजोबांकडे बघतो. घरात नदीचं नाव निघतं ते फक्त ‘आवर्तन कधी सुटणार’ एवढ्यापुरतं. पाणी पाटाने येतं, चारीने शेतात जातं, आणि बिल पाटबंधारे खात्याचं येतं. आजोबा कुकडीचं नाव सांगतात, पुष्पावतीचं सांगतात, मीना, घोड अशी बोटं मोजत जातात.

मग बघायला कधी यावं, वाटाड्या विचारतो.

आजोबा जरा थांबतात. पावसाळ्यात या, असं त्यांच्या ओठांवर आलेलं असतं. सगळे तेच सांगतात. पण डोळ्यांसमोर डिंभ्याचा आटलेला जलाशय उभा राहतो. चिखलातून वर आलेले जुन्या आंबेगावच्या देवळांचे दगड, आणि त्यांच्या अलीकडे पाण्याच्या कडेकडेने कुणीतरी लावलेली हिरवी ओळ.

“वैशाखात या,” ते म्हणतात. “तेव्हा पाणी उतरलेलं असतं.”