दाढेची रिकामी जागा

आमच्या खालच्या जबड्यात डाव्या बाजूस एक जागा गेली चार वर्षे रिकामी आहे. पूर्वी तेथे पहिली मोठी दाढ होती. ही दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येते आणि तिच्यासाठी एकही दुधाचा दात पडावा लागत नाही. त्यामुळे पुष्कळ आईबाप तिलाही दुधाचीच समजतात आणि ती किडली तरी 'पडेल, दुसरी येईल' म्हणून स्वस्थ राहतात. ती दुसरी कधीच येत नाही. (बाकीचा लेख वाचला नाही तरी चालेल, पण मातापित्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.)

दाढ काढल्यावर दंतवैद्यांनी तीन मार्ग सांगितले. शेजारचे दोन दात घासून, त्यांवर टोप्या चढवून मध्ये खोटा दात जोडायचा, हा पहिला. रोज काढून धुता येणारा दात, हा दुसरा. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा खिळा रोवून त्यावर दात उभारायचा, हा तिसरा. स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला असे खिळे बसवले. विद्या थोर खरी, पण तिचे मोल आमच्या खिशाहून थोर होते, आणि दोन निरोगी दात घासून घेण्यास मन धजेना. चौथा मार्ग आहे का, असे आम्ही विचारले. "आहे. काहीच न करण्याचा; पण लक्ष ठेवावे लागेल," डॉक्टर म्हणाले.

लक्ष कशावर ठेवायचे? टेकण्यास आधार न उरल्यास वरचा दात हळूहळू खाली उतरतो. मागची दाढ पुढे कलते, फटीत अन्न अडकते व किडीची सोय होते. रिकाम्या जागेचे हाडही झिजते, विशेषतः पहिल्या वर्षात. म्हणजे पुढे कधी खिळा बसवावयाचा झाला तर काम अधिक अवघड. मात्र हे सर्व प्रत्येकाच्या बाबतीत घडतेच असे नाही. आमच्या वरच्या दाढेची मागची कड खालच्या दुसऱ्या दाढेवर टेकते, म्हणून ती जागीच राहिली आहे. नेदरलँड्सचे कायसर यांनी तर १९८१ सालीच मांडले होते की, मागच्या दाढा नसल्या तरी पुढचे वीसेक दात शाबूत असतील तर बहुतेकांचे चर्वण भागते. १९८९ साली जपानमध्ये सुरू झालेल्या मोहिमेचे ध्येयही ऐंशीव्या वर्षी वीस दात राखणे एवढेच आहे.

आमचेही भागते. भाकरी, सुके बोंबील, इतकेच काय भाजलेले चणेही उजव्या बाजूने खाता येतात. उच्चारात फरक नाही. आमचे प्रवचन लांबते त्याचा दोष दाढेकडे जात नाही. इतरांचे लांबले की मात्र जीभ आपोआप त्या खळग्यात जाऊन बसते. दरवर्षी संत अपोलोनिया हिच्या सणाच्या, म्हणजे ९ फेब्रुवारीच्या आसपास, आम्ही दात तपासून घेतो. दंतरोग्यांची ही आश्रयदाती. छळ करणाऱ्यांनी तिचे दात पाडले होते.

गतवर्षी धर्मग्रामातील एक विधवा भगिनी मिस्सानंतर भेटावयास आल्या. खिळ्याच्या दातासाठी त्या पाटल्या गहाण ठेवण्याच्या बेतात होत्या.

"फादर, दाढ बसवली नाही तर सगळेच दात जातात म्हणे. खरं का?"

आम्ही तोंड उघडून आमची रिकामी जागा दाखवली. त्या इतक्या हसल्या की मिस्त्री घंटा ठीक करावयाचे थांबून पाहू लागला. "बाई, आमच्या तोंडावरून तुमच्या तोंडाचा निवाडा करू नका," आम्ही म्हणालो. "पाटल्या आठवडाभर घरीच राहू द्या आणि आणखी एका डॉक्टरांना दाखवा. वरचा दात उतरला आहे का, आणि स्वस्तातला काही उपाय आहे का, हे दोनच प्रश्न विचारा."

त्यांचा वरचा दात उतरू लागला होता. त्यांनी काढता-घालता येणारा दात करून घेतला. प्रथम टोचला, दोनदा घासून घ्यावा लागला. पाटल्या हातातच आहेत.