तुळशीवरची गळती

मे महिन्यात आम्ही गावाला निघालो, की ह्यांना काळजी असते तिकिटांची आणि कुलपाची. मला असते ती गॅलरीतल्या कुंड्यांची. वैशाखात नागपूरचा पारा पंचेचाळीस अंशांवर चढला म्हणजे आम्ही कोराडीकर कूलरसमोर फतकल मारून बसतो. बिचाऱ्या झाडांनी बसावे कोठे?

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे बिऱ्हाड तेव्हा विद्युतकेंद्राच्या वसाहतीत होते. सासूबाईंना जाऊन वर्षही झाले नव्हते. त्यांनी लावलेली तुळस गॅलरीच्या कठड्याशी उभी होती; शेजारी कोरफड, मनीप्लँट, जास्वंद. वीस दिवसांसाठी कोकणात जायचे ठरले. शेजारच्या वहिनींच्या हाती किल्ली दिली आणि म्हटले, "रोज तांब्याभर पाणी घाला हो." एवढे सांगून मी निर्धास्त झाले.

परत आले तो कोरफड बुडाशी कुजलेली, मनीप्लँट पिवळा पडलेला, आणि तुळशीच्या नुसत्या काड्या! वहिनींचे डोळे भरून आले. "एक दिवस चुकवला नाही हो मी," त्या म्हणाल्या. ते खरेच होते. सावलीतल्या कोरफडीला आणि दिवसभर ऊन खाणाऱ्या तुळशीला त्यांनी सारखेच माप घातले होते. पण ते माप मीच नेमून दिले होते ना! चूक माझी होती, आणि रडत होत्या वहिनी.

त्या रात्री ह्यांनी मला गॅलरीत नेले. समोर केंद्राच्या शीतकरण मनोऱ्यांतून पांढरी वाफ वर जात होती. कोराडीचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. "अगं, पानही तेच करते," हे म्हणाले. "आपल्या बारीक रंध्रांतून पाण्याची वाफ सोडते आणि स्वतःला गार ठेवते. ऊन आणि वारा जितका जास्त, तितकी तहान जास्त. आधी तहान कमी कर, मग पाण्याचे बघ."

तेव्हापासून निघण्याच्या चार दिवस आधी माझी तयारी सुरू होते. कुंड्या उत्तरेच्या भिंतीशी, सावलीत, एकमेकींना खेटून मांडायच्या. कळ्या आणि फुले खुडायची, मातीवर वाळलेला पाला पसरायचा. उंच पाटावर पाण्याची बादली ठेवून तीतून प्रत्येक कुंडीत जाड सुती चिंधीची वात सोडायची. तिचे टोक मातीत दोन बोटे खोल. कंदिलाची वात तेल ओढते तशी ही पाणी ओढते. दोन दिवस आधी लावून पाहावे, म्हणजे बादली किती पुरेल ते कळते. कोरफडीला मात्र वात नाही. ती उपाशी राहील, पण बुडून मरणार नाही.

नेच्यासारख्या नाजूक रोपांसाठी दूरदेशीची एक युक्ती आहे. लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरांना १८२९ साली दिसले, की बंद बाटलीत रोप उगवते आणि आपलीच वाफ पुन्हा पिऊन जगते. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने १८४८ नंतर चीनमधून हजारो चहाची रोपे हिंदुस्थानात आणली, ती वॉर्डच्या काचेच्या पेट्यांतून. आम्ही पाणी दिलेल्या कुंडीवर पारदर्शक पिशवी चढवतो. सावलीतच, बरे का! उन्हात ठेवाल तर रोप शिजेल.

पण एवढे दूर जायची गरज काय होती? वर्षभराने माळा आवरताना एक मडके हाती आले. तळाला बारीक भोक, त्यात कापडाची वात. वैशाखात शंकराच्या पिंडीवर गळती लावतात, तशीच सासूबाई तुळशीवरही लावीत. मी तो निव्वळ धर्माचार समजत असे. त्या गेल्यावर, "कोठे तो चिखल करायचा!" म्हणून ते मडके मीच माळ्यावर टाकले होते. आपल्या पाठीमागे तुळस कशी जगेल याची तजवीज त्या करून गेल्या होत्या; ती मला ओळखता आली नव्हती.

तुळस मात्र माझ्यापेक्षा शहाणी निघाली. जूनच्या पहिल्या सरीनंतर त्याच कुंडीत, गळलेल्या मंजिऱ्यांतून, मोहरीएवढी हिरवी पाने वर आली. कार्तिकात लग्न लावले तेव्हा नवरी जेमतेम वीतभर होती. उसाच्या मांडवात शोधावी लागली. अंतरपाट धरायला वहिनी होत्या.

यंदा दिवाळीला आम्ही मुलाकडे पुण्याला जाणार आहोत. थंडीत झाडांची तहान कमी. तरीही कागदावर प्रत्येक कुंडीचे वेगळे माप लिहून वहिनींना दिले आहे. मडके तुळशीवर टांगून झाले, की तिला हात जोडून मी म्हणते, "येते हं." "जाते" म्हणण्याची आपली रीत नाही. आणि वातीतून पहिला थेंब मातीत पडल्याचे पाहिल्याशिवाय मी जिना उतरत नाही.