न जुळलेला हिशेब

आमचे खडेबाजारात किराणा मालाचे लहानसे दुकान आहे. कॉमर्सला नाव घातल्यापासून त्याची रोजकीर्द मी लिहिते. गेल्या श्रावणात तीन आठवडे माझी कीर्द आणि बँकेचा हिशेब जुळेना. कधी ५०० रुपये कमी, कधी ७००, एकदा तर २,०००. बाबांच्या फोनवरून कुणा अनोळखी नावाला पैसे जात होते. त्याच दिवसांत दहावीतला माझा धाकटा भाऊ ताटावरून अर्धपोटी उठू लागला होता. या दोन्ही नोंदी एकाच खात्याच्या आहेत, हे ध्यानात यायला मला उशीर झाला.

एका रात्री मी त्याला माडीवर नेले आणि न रागावता विचारले. बराच वेळ तो बोललाच नाही. मग म्हणाला, "अक्का, मी नसलो तर हे थांबेल ना?"

मित्रहो, माझ्या अंगावर काटा आला. फोनवर एका 'मुलीने' ओळख काढली होती. गोड बोलून तिने त्याचा नको तसा फोटो मागून घेतला, आणि तासाभरात धमकी आली: पैसे दे, नाहीतर फोटो तुझ्या वर्गातल्या सगळ्यांना पाठवतो. पाठवतो! म्हणजे ती मुलगी नव्हतीच. भावाने भिऊन पैसे दिले. दिले म्हणून आणखी मागितले. या धंद्यात शेवटचा हप्ता कधीच नसतो.

बाबांना मीच सांगितले. ते नुसते ऐकत राहिले. सकाळी १९३० या क्रमांकावर फोन लावला आणि मग आम्ही तिघे पोलीस ठाण्यात गेलो. घरात मराठीत जी गोष्ट जिभेवर येत नव्हती, ती तिथे मी कन्नडमध्ये घडाघडा सांगितली. आईच्या भाषेत लाज आडवी येत होती. शेजारणीच्या भाषेने मला हात दिला. तिथल्या बाईंनी पैशांचा आकडा नंतर विचारला. आधी विचारले, "हुडुग ऊटा माडतानेनु?" पोरगा जेवतो का? भावाने तेव्हा प्रथमच मान वर केली.

तिथे जे कळले ते सर्वांनी लक्षात ठेवावे. आणखी पैसे देऊ नयेत. संदेश पुसू नयेत, तोच पुरावा असतो. अठरा वर्षांखालील मुलाकडे असा फोटो मागणारा गुन्हेगार असतो, मुलगा नव्हे. आणि मन खचले असेल, तर 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते, कन्नडमध्येही.

धमक्या थांबल्या. पैसे मात्र परत आलेले नाहीत. महिनाअखेरीस मी बाबांना विचारले, "हे ६,७०० रुपये कुणाच्या नावे मांडू?" मला वाटले, भावाचे नाव सांगतील. बाबा बराच वेळ गल्ल्याकडे पाहत बसले.

"माझ्या नावे मांड," ते म्हणाले. "पोरगा तीन आठवडे धड जेवत नव्हता, आणि मी एकदाही विचारलं नाही."