आजोबांचा वस्तरा आणि इन्सुलेशन टेप

शनिवारी सकाळी सगळं जग निवांत पोहे खात असतं. नेमकं त्याच वेळी मी आजोबांचा वस्तरा धुताना नळाच्या तोटीवर आपटला. टिंग! इतका बारीक आवाज, की स्वयंपाकघरात बायकोला ऐकूही गेला नाही. माझ्या मात्र पोटात गोळा आला.

वस्तरा जर्मन, सोलिंगेनचा. साताऱ्याच्या घरी ट्रंकेत सापडलेला. आजोबा, म्हणजे अण्णा, ओसरीवर खिळ्याला आरसा अडकवून रोज त्यानेच दाढी करायचे म्हणे. ते माझ्या जन्माआधीच गेले. एक फोटो, एक चष्मा आणि हा वस्तरा, एवढीच आमची ओळख.

आता थोडं टेक्निकल, बरं का. वस्तऱ्याला धार लावताना कोन मोजावा लागत नाही. पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर सपाट टेकवायची. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यातून कोन आपोआप ठरतो, साधारण 16-17 अंश. हार्डवेअरमध्येच व्हॅलिडेशन टाकून दिलंय म्हणा ना! पण याचा अर्थ असा की धारेबरोबर पाठही झिजते. आणि अण्णांच्या वस्तऱ्याची पाठ मुठीच्या बाजूला भरपूर झिजलीय, टोकाकडे जेमतेम. भिंगातून बघितलं की चकाकणारी पट्टी एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे निमुळती होत गेलेली दिसते. मला वाटायचं, अण्णा धांदरट असणार. एकदा बाबांना तसं म्हटलंही. पेपरमधून मान वर न काढता ते म्हणाले,

"मनगट मोडलं होतं त्यांचं. विहिरीवर पडले होते. हाड बसलं, पण हात नीट वळायचा नाही पुढे."

एवढंच. पान उलटलं, क्रीडावृत्त सुरू.

मला हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं. आणि इथे पोलादावर ते इतकी वर्षं लिहिलेलं होतं.

तर आता हा टवका. जेमतेम पाव मिलिमीटर, पण दाढी करताना गालाला बरोबर सापडेल असा. तो काढायचा तर बाकीची सगळी धार त्याच्या तळापर्यंत खाली आणायची. म्हणजे 1000 ग्रिटच्या दगडावर तासन् तास घासाघीस. त्यात पाठही घासली जाणार, आणि माझं मनगट धडधाकट असल्यामुळे ती छान सरळ होणार. अण्णांची पट्टी गायब. इथे कंट्रोल-झेड नसतं.

उपाय अगदीच गावठी निघाला. पाठीवर काळी इन्सुलेशन टेप! एक थर चिकटवायचा, फाटला की बदलायचा. पाठ दगडाला लागतच नाही. शनिवारची दुपार आणि टेपचे सहा तुकडे गेले, टवका गेला.

रविवारी खरं सुख. 2014 साली ब्रसेल्सला ऑनसाइट होतो, तेव्हा एका वीकएंडला ट्रेनने आर्देनमधल्या व्हिएल्सालमला जाऊन आलो होतो. तिथल्या परिसरात कोटिक्यूल नावाचा पिवळसर दगड निघतो. या दगडात गार्नेटचे काही मायक्रॉनचे स्फटिक ठासून भरलेले असतात. आपल्याकडे अंगठीत घालतात तो गोमेद याच कुळातला. दगडावर पाणी टाकून त्याच जातीचा छोटा तुकडा फिरवायचा, सहाणेवर गंध उगाळतात अगदी तसा. दुधासारखा घोळ तयार होतो. त्यावर वस्तरा फिरवायचा, मग एकेक थेंब पाणी घालत घोळ पातळ करत न्यायचा, शेवटी नुसतं स्वच्छ पाणी. दाट घोळ भराभर कापतो, पातळ घोळ हळूहळू गुळगुळीत करतो. हात हलका हवा, नुसतं पात्याचं वजन. आवाजही बदलत जातो, आधी खरखर, मग नुसती सळसळ. या तासाभरात मी एकदाही मेल चेक केला नाही, याची नोंद घ्यावी.

मग टेप काढून चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढे ठेवून, पन्नासेक हात. दंडावरचे केस उडाले!

आता मेख. टेपच्या जाडीमुळे धारेचा कोन अर्धा-एक अंश वाढलाय. पुढच्या वेळी टेप न लावता दगडावर ठेवला, तर धार दगडाला टेकणारच नाही, तिच्या मागचा भाग घासत बसेल. म्हणजे हा वस्तरा असेपर्यंत दर वेळी टेप लावणं आलं. शनिवारी मारलेला तात्पुरता पॅच थेट प्रॉडक्शनमध्ये, कायमचा. ऑफिसात ज्युनिअर पोरांना मी याच गोष्टीवरून झापतो.

टेपचं रिंगण वस्तऱ्याच्या डबीतच ठेवलंय. संध्याकाळी दाढी केली, हनुवटीखाली एक ओरखडा आला, तो माझ्या कर्तृत्वाने. बाबा दारात उभे राहून बघत होते.

"दोन दिवस हेच चाललं होतं का?"

"हो."

"ब्लेड केवढ्याला मिळतं रे हल्ली?"