मुलीचा कागद मुलीने वाचावा



विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव फिरताना लोक मला हुमणीविषयी विचारतात, ठिबकच्या अनुदानाविषयी विचारतात. अलीकडे त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. बैठक आटोपली, चहा आला, की कोणीतरी जवळ सरकतो आणि हळू आवाजात म्हणतो, "साहेब, पोरीला अमेरिकेतलं स्थळ आलंय. लग्नानंतर तिला तिकडं न्यायचे कागद कसे करायचे? वकील लावावा लागतो का?" हा प्रश्न शेतीचा नसला तरी शेतकऱ्याच्या घरचा आहे. माझ्या भाचीचे हे काम वकिलाशिवाय झाले. त्यातून जे कळले ते सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहितो.

माझी आक्का मुंबईत डिलाईल रोडला राहते. या रस्त्याला कामगार पुढारी नारायण मल्हार जोशी यांचे नाव दिलेले आहे, तरी सातारा, कोल्हापूर आणि कोकणातल्या माणसांच्या तोंडी डिलाईल रोड हेच नाव राहिले. दाजींचे वडील तेथे गिरणीत होते. आधी ते गावकीच्या खोलीत राहिले. एका खोलीत गावची पंधरा-वीस माणसे, पाळीप्रमाणे कामाला जायची आणि पाळीप्रमाणे झोपायची. बायको गावाकडे शेत आणि सासू-सासरे सांभाळत होती. पुढे बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांची खोली मिळाली, तेव्हा कुठे त्यांनी बायकोला मुंबईला आणले. दाजी त्याच गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी कायमची सुटली.

सांगायचा मुद्दा असा, की नवरा पुढे जातो, खोली करतो आणि मग बायकोला बोलावतो, ही रीत आपल्याला नवी नाही. फरक एवढाच, की त्या काळी गावचा माणूस जॉबरकडे शब्द टाकी आणि त्या शब्दावर काम होई. आता देशाची वेस ओलांडायची असते. तिथे शब्द चालत नाही, कागद लागतो.

भाचीचे लग्न डिसेंबर २०२२ मध्ये झाले. मुलगा आपल्याच जिल्ह्याचा, शिक्षणासाठी अमेरिकेला गेलेला आणि पुढे तेथला नागरिक झालेला. आता त्या देशाच्या कायद्याच्या नजरेने पाहा. मुलगा त्यांचा नागरिक आणि आमची भाची त्याची परदेशी बायको. तिला बोलवायचा अर्ज नवऱ्याने करायचा असतो. नवरा नागरिक असेल तर बायकोच्या व्हिसाला वर्षाकाठी संख्येची मर्यादा नसते. तो नुसता ग्रीन कार्डवाला असेल तर मर्यादा असते आणि रांगेत थांबावे लागते. म्हणून सोयरीक ठरवतानाच हे विचारून घ्यावे. "तिकडंच असतो" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये.

लग्न जमवणारे एक पाहुणे होते. त्यांनी सुचवले, की एका ओळखीच्या सल्लागाराकडे पासपोर्ट आणि सगळे मूळ दाखले द्या, तो सगळे करील, पोरीने फक्त सह्या करायच्या. सल्लागाराने सांगितलेली रक्कम ऐकून दाजी गप्प झाले, पण मुलीसाठी ते कर्ज काढायलाही तयार होते. भाची मात्र बसली नाही. तिने नवऱ्याला फोन केला आणि अर्ज मागवून घेतला. हा अर्ज, आय-१३० त्याचे नाव, अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो आणि तो भरायच्या सूचनाही त्याच्यासोबत असतात. दोन दिवस वाचून ती मला म्हणाली, "मामा, यात नाव, गाव, जन्म, लग्न, नोकरी एवढंच विचारलंय. हे मला माहीत आहे. वकिलाला कुठं माहीत आहे?" घरात थोडी कुरबूर झाली. पाहुणे नाराज झाले. पण जावई समजूतदार निघाला. दर रविवारी फोनवर दोघे मिळून अर्ज भरू लागले.

आता काम कसे चालते ते क्रमाने सांगतो.

पहिला टप्पा नवऱ्याच्या अर्जाचा. त्यात लग्न खरे आहे आणि ते फक्त व्हिसासाठी केलेले नाही, हे दाखवावे लागते. लग्नाची पत्रिका, फोटो, प्रवासाची तिकिटे, एकमेकांना केलेल्या फोनच्या आणि पाठवलेल्या पैशांच्या नोंदी हे सगळे पुरावे असतात. आपल्याकडे लग्न आटोपले की पत्रिका रद्दीत जाते. ती जपून ठेवावी.

दुसरा टप्पा दाखल्यांचा, आणि खरी मेहनत इथेच आहे. लग्नाचा दाखला महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याप्रमाणे घ्यावा. लग्नापासून ९० दिवसांच्या आत नोंदणी करायची असते. तीन साक्षीदार लागतात आणि नवरा-नवरीने स्वतः हजर राहावे लागते. जावयाची रजा तीन आठवड्यांची होती. म्हणून मांडव उतरताच दोघे जी-दक्षिण विभाग कार्यालयात गेले. ते डिलाईल रोडवरच आहे. खेड्यात हे काम ग्रामपंचायतीत होते. मुलगा परत गेल्यावर नोंदणी आठवली, तर पुढच्या रजेपर्यंत हात चोळत बसावे लागते.

जन्माचा दाखला त्याहून अवघड गेला. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून भाचीचा जन्म आमच्या गावचा. नोंद सांगायला आमचे वडील गेले होते. त्यांनी जावयाचे घरात चालणारे नाव सांगितले आणि ग्रामसेवकाने तेच लिहिले. शाळेच्या दाखल्यावर आणि पासपोर्टवर वडिलांचे नाव वेगळे, जन्माच्या नोंदीत वेगळे. जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा अशी चूक दुरुस्त करू देतो. खरी हकीकत माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांनी लेखी निवेदन द्यायचे, सोबत पुरावे जोडायचे आणि निबंधक नोंद दुरुस्त करतात. आमच्या भावकीतल्या दोन वयस्कर माणसांनी सह्या दिल्या आणि काम झाले.

दाखला मराठीत होता, त्याचे इंग्रजी भाषांतर हवे होते. यालाही वकील लागत नाही. दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाने भाषांतर करावे आणि ते पूर्ण व बरोबर आहे, आपल्याला दोन्ही भाषा येतात, असे लिहून सही करावी. ते मी केले. बीएस्सी ॲग्रीचे इंग्रजी असे घरच्या कामी आले.

नावाचे एक सांगतो. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहितात. भाची म्हणाली, ताटात लिहा, पण पासपोर्टवर नको. लग्नानंतर पासपोर्टवरचे नाव बदललेच पाहिजे अशी सक्ती नाही. तिने माहेरचे नाव ठेवले आणि सगळे कागद एका नावाचे राहिले. ज्या मुलींना नाव बदलायचे आहे त्यांनी जरूर बदलावे, पण मग प्रत्येक कागदावर बदलावे. अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे अशी गत नको.

तिसरा टप्पा उत्पन्नाच्या हमीचा. बायकोला सांभाळण्याइतके आपले उत्पन्न आहे, असे नवरा सरकारला लिहून देतो. ते तेथल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट लागते. २०२५ च्या आकड्यांप्रमाणे दोन माणसांच्या घराला वर्षाचे २६,४३७ डॉलर. कमी पडल्यास दुसरा जामीनदार चालतो. हा कागद मुलीकडच्यांनी नीट समजून घ्यावा. घटस्फोट झाला तरी ही हमी संपत नाही. बायको तेथली नागरिक होईपर्यंत, किंवा कायद्याने ठरवलेला कामाचा काळ, सुमारे दहा वर्षे, भरेपर्यंत ती टिकते. दोघांपैकी कोणाचा मृत्यू झाला किंवा बायको तो देश कायमचा सोडून आली, तरच ती आधी सुटते.

शेवटचा टप्पा पोलिसांच्या दाखल्याचा, वैद्यकीय तपासणीचा आणि मुलाखतीचा. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून ५०० रुपये भरून मिळतो. तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. त्यात छातीचा फोटो आणि लसी असतात. मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत झाली. नाव वकिलात असले तरी वकील बरोबर नव्हता. नवरा काय काम करतो, लग्न कसे जमले, लग्नाला कोण कोण होते, असे साधे प्रश्न. तिने खरे ते सांगितले. अर्ज फेब्रुवारी २०२३ मध्ये गेला होता, व्हिसा सप्टेंबर २०२४ मध्ये हाती आला.

खर्चाचा अंदाज असावा म्हणून सरकारी फी सांगतो. पहिल्या अर्जाला भाचीच्या वेळी ५३५ डॉलर पडले. १ एप्रिल २०२४ पासून संगणकावरून केल्यास ६२५ आणि कागदावर केल्यास ६७५ डॉलर झाले. पुढे व्हिसाच्या अर्जाचे ३२५, हमीपत्राच्या छाननीचे १२० आणि कार्डाचे २३५. फी बदलत असते, म्हणून अर्ज करायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पाहून खात्री करावी.

आता मुख्य गोष्ट. वकिलाचे पैसे वाचले हा फायदा लहान. मोठा फायदा हा, की सगळे कागद भाचीने स्वतः वाचले. व्हिसा मिळाल्यावर सगळ्यांचा आग्रह होता, की दिवाळीला नवऱ्याच्या घरी पोच. भाची म्हणाली, "नाही, जानेवारीत जाणार." आक्काच्या डोळ्यांत पाणी आले. पोरगी टाळते की काय, अशी शंका सासरी आली. तेव्हा तिने सर्वांना बसवून सांगितले. तेथे पाऊल ठेवायच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर दोनच वर्षांचे सशर्त कार्ड मिळते. ती मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून पुन्हा अर्ज करावा लागतो. दोन वर्षे झालेली असतील, तर अट राहत नाही आणि एकदम दहा वर्षांचे कार्ड मिळते. लग्नाला दोन वर्षे डिसेंबरमध्ये पूर्ण होत होती आणि व्हिसाची मुदत त्यापुढेही होती. जावयाने ऐकताक्षणी तिकीट जानेवारीचे काढले. विमानतळावर तिने लग्नाचा दाखला हातात ठेवला आणि अधिकाऱ्याला तारीख दाखवली.

आमचा जावई भला आहे. पण सगळ्याच मुलींचे नशीब असे नसते. लग्न करून नवरा परदेशी गेला आणि बायको इथेच सोडली, किंवा तिकडे नेऊन छळ केला, अशी प्रकरणे कोर्टात गेली आहेत. १९९४ साली अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला या मुलींच्या संरक्षणासाठी कायदा करण्याची सूचना करावी लागली. २००९ पासून राष्ट्रीय महिला आयोगात अशा तक्रारींसाठी वेगळा कक्ष आहे. तिकडच्या कायद्यातही सोय आहे. नवऱ्याने छळ केला, तर सशर्त कार्ड असलेली बायको त्याच्या सहीशिवाय एकटी अर्ज करू शकते. बायकोच्या हक्कांची माहिती देणारी पुस्तिका अमेरिकेची वकिलात व्हिसाच्या वेळी देते. जिने नुसत्या सह्या केल्या, तिला हे कोण सांगणार? आणि तिची मूळ कागदपत्रे दुसऱ्याच्या कपाटात असली, तर ती काय दाखवणार?

वकील कधीच लागत नाही, असे मात्र मी म्हणत नाही. दोघांपैकी कोणाचे आधी लग्न होऊन मोडलेले असेल आणि घटस्फोटाचे कागद अपुरे असतील, कोणावर फौजदारी खटला असेल, आधी व्हिसा नाकारलेला असेल, कोणी तेथे मुदतीपेक्षा जास्त राहिलेला असेल किंवा पूर्वीच्या अर्जात खोटे लिहिलेले असेल, तर त्या देशाच्या कायद्याचा जाणता वकीलच गाठावा. साध्या तापाला घरचा काढा चालतो, हाड मोडल्यावर चालत नाही. पण तेव्हाही मूळ दाखले घरी ठेवावेत, वकिलाला प्रती द्याव्यात आणि सही करण्याआधी मुलीने प्रत्येक पान वाचावे. वाचता येत नसेल तर वाचून घ्यावे.

परदेशची सोयरीक सगळ्यांच्याच घरी येणार नाही. पण दाखले सगळ्यांच्याच घरी लागतात. मुलाची जन्मनोंद त्याच्या नावासह करा. नोंदीत मागाहून नाव घालायला १५ वर्षांपर्यंतच मुदत असते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्माचा दाखलाच लागणार आहे. शाळेत घालताना १ जून ही सोयीची तारीख सांगू नका, खरी सांगा. आईवडिलांचे नाव सगळीकडे एकसारखे लिहा. सातबारावर नाव चुकले, तर आपण तलाठ्याकडे किती हेलपाटे घालतो! तेवढीच कळकळ लेकीच्या नावासाठी असू द्या.

मुलगी नांदायला निघाली की आपण तिची ओटी भरतो. त्या ओटीबरोबर तिचे मूळ दाखले एका पिशवीत घालून तिच्याच हाती द्या, आणि द्यायच्या आधी एकदा तिच्याकडून वाचून घ्या.