परसात मोजलेलं पाणी

आमच्या नगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात विहिरीची खोली परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात, मोजायचे. पाच-सहा परस विहीर म्हणजे खोल. मोट चालायची, थारोळ्यातून पाटाला पाणी लागायचं आणि विहिरीने तळ दाखवला की बैल सोडायचे. रात्रभरात झऱ्यांनी भरून दिलं तेवढंच उद्याचं. पाणी किती उरलंय, हे आत डोकावलं की शाळकरी पोरालाही कळायचं.

वळीव कोसळायला लागला की आजोबा घोंगडीची खोळ घेऊन, खांद्यावर फावडं टाकून ताली बघायला निघायचे. ताल फुटली तर पाण्यामागे मातीही ओढ्याला जाणार. त्या वेळी अख्खं शिवार बांधावर असायचं.

ते दिवस सुखाचे होते असं मी म्हणणार नाही. १९७२च्या दुष्काळात याच विहिरी आटल्या. बायामाणसांनी खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले. पण त्या दुष्काळी कामांतून गावोगाव पाझर तलावही झाले. दख्खनचा काळा कातळ पाणी सहजी पोटात घेत नाही. वरचा मुरूम, मांजऱ्या खडक आणि कातळातल्या भेगा यांतूनच ते हळूहळू उतरतं. धो धो पावसाचं पाणी कुठेतरी अडवून धरलं नाही, तर बघता बघता ते नदीला मिळतं.

मोटेच्या जागी इंजिन आलं, मग विजेची मोटर आणि मग बोअर. आता खोली फुटांत सांगतात, पाचशे, सातशे. एवढ्या खाली मुरायला पावसाला किती वर्षं लागत असतील! आणि बोअरमध्ये डोकावता येत नाही. शेजाऱ्याने किती उपसलं, खाली किती राहिलं, कुणालाच दिसत नाही.

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच सुमारास गावोगाव लोक श्रमदानाला उतरले, माथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग समतल चर खणले गेले, नाले अडवले गेले. ते पाहून माझा ऊर भरून आला होता. पण जिरवलेलं पाणी उसाने प्यायलं. शेततळी तर पावसाचं पाणी धरण्यासाठी होती. आता तळाला प्लॅस्टिक अंथरून त्यांत बोअरचं पाणी भरतात. जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी उपसून उन्हात वाळत ठेवायचं, याचा मला मनापासून राग येतो.

आमच्याच जिल्ह्यात हिवरे बाजार हे गाव आहे. पाऊस तिथेही बेताचाच. तिथे चर आणि बंधारे झाले, पण शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस लावायचा नाही, हेही गावाने ठरवलं. पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसं आणि गुरं, मग उरेल त्यावर रब्बीची पिकं ठरतात. आजोबांना विहिरीत डोकावून जे कळायचं, ते आता असं कागदावर मांडावं लागतं. आमच्या गावात चर खणायला जी माणसं उत्साहाने जमली, तीच येत्या रब्बीआधी हा हिशेब मांडायला बसली पाहिजेत.