खेळाडूची निष्ठा

मोखाड्यासारख्या डोंगरी तालुक्यांत पुष्कळ वर्षें काढल्यामुळें क्रिकेटची एक निराळीच बाजू आमच्या पाहण्यांत आली आहे. भाताची कापणी उरकली, कीं मोकळ्या खाचरांत सामने सुरू होतात. चांगला चेंडू टाकणारा एखादा पोरगा चार पैशांसाठीं जव्हारकडच्या संघांतून खेळूं लागला, कीं ‘तो फुटला’ असें त्याच्या पाड्यावरचीं माणसें म्हणतात. त्यांतलींच कित्येक दिवाळीनंतर पोटासाठीं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. त्यांस मात्र कोणी फितूर म्हणत नाहीं.

मग हाताच्या कसबावर जगणारा खेळाडूच धनी बदलल्यानें फितूर कसा होतो? अमेरिकन फुटबॉलमधील लॅरी झोंका यानें मायामीचा विजयी संघ सोडण्यासाठीं 1974 सालीं एका नव्या लीगशीं करार केला. 1975 सालीं ती लीगच मोडली, आणि 1976 सालीं तो जुन्या लीगमध्यें न्यूयॉर्कच्या संघांत परतला. त्यास दोन्हीकडे मानाचें आसन तरी होतें. आमच्याकडील बाळू पालवणकर यांस तेंही नव्हतें.

चांभार कुळांत 1876 सालीं धारवाड येथें जन्मलेले पालवणकर पुण्यास पारशांच्या क्लबांत मैदान झाडीत आणि लाटीत असत. पगार दरमहा 3 रुपये. तेथून ते 4 रुपयांवर युरोपियनांच्या पूना क्लबांत गेले. ग्रेग नांवाच्या नामांकित इंग्रज फलंदाजास सराव मिळावा म्हणून ते तासन्‌तास डाव्या हातानें गोलंदाजी करीत; पण बॅट धरण्याची संधि त्यांस तेथें मिळाली नाहीं.

पुढें पुण्याच्या हिंदु क्लबास युरोपियनांशीं टक्कर द्यावयाची होती. अस्पृश्यास संघांत घ्यावें कीं नाहीं यावर सभासदांत वाद माजला, आणि अखेर पालवणकरांस घेतलें. मैदानावर चेंडू सर्वांचा एकच; चहाच्या वेळीं मात्र त्यांस बाहेर, मातीच्या निराळ्या पेल्यांत चहा मिळे. क्लब बदलला, अवहेलना बदलली नाहीं.

प्लेगच्या दिवसांत ते मुंबईस गेले व हिंदु जिमखान्यातर्फे खेळूं लागले. 1906 सालीं हिंदूंनीं युरोपियनांस 109 धावांनीं हरविलें, त्यांत त्यांचा मोठा वाटा होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यांत त्यांनीं 114 बळी घेतले.

अशा मनुष्यानें कोणत्या क्लबाशीं निष्ठा राखावयास हवी होती? पहिल्यानें त्यांस चाकर मानलें, दुसऱ्यानें खेळाडू मानलें तरी पंगतीस बसविलें नाहीं. आमच्या मतें निष्ठा मागण्याचा अधिकार त्यासच आहे, जो कसबाबरोबर माणसासही घरांत घेतो. बाकीच्यांनीं वेळेवर मोल द्यावें, आणि जाणाऱ्यास निरोप द्यावा.

हिंदु संघाचे कर्णधार म्हणून बाळू पालवणकरांची निवड कधींच झाली नाहीं. 1923 सालीं तो मान त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळाला.